जरा

रात्री पावणेदहाला खोतसाहेबांचा मेसेज:
‘उद्या जरा येऊन जा.’
खाली जोडलेले हात, त्याखाली
‘आपण सगळे घरचेच.’

उद्या दसरा.
खिडकीच्या गजाला चक्का टांगलेला,
पातेल्यात टिपटिप पाणी,
आणि मी जोखत बसले
एका शब्दाचं वजन.

जरा म्हणजे जरासं. चिमूटभर.
जरा सरका. जरा थांबा. जरा समजून घ्या.
नाही म्हणणाऱ्यालाच लाज वाटावी
इतका लहान शब्द.

घणसोलीहून रबाळ्याला रिक्षा मिळेना.
मिळाली तिच्या आरशाला झेंडू.
‘आज कंपनी चालू?’
म्हटलं, कंपनी बंद आहे.
मी चालू आहे.

आत लेबलांचं मशीन
कालच आम्ही पूजलेलं,
कपाळाला हळदकुंकू, गळ्यात हार,
निवांत.
पाने, कात्र्या, स्क्रूड्रायव्हर पाटावर ओळीने,
एकेकावर एकेक फूल.
भिंतीवर रज्जाकभाईंच्या टपोऱ्या अक्षरात:
आज यंत्राला हात लावू नये.
माझ्याबद्दल कुठे काही लिहिलेलं नव्हतं.

ऑडिटआधी साहेबांना स्टॉक मोजून हवा होता,
म्हणून हाताने.
खोकल्याच्या औषधाची लेबलं,
शंभराचा गठ्ठा, रबर,
शंभराचा गठ्ठा, रबर.
समोर तुळसा म्हात्रे.
तिलाही ‘जरा’ आला होता.
मध्येच ती आकडा विसरायची, शिवी द्यायची,
पुन्हा एकपासून.

अकराला लेकाचा फोन, पुऱ्या कोण तळणार?
बाबा, म्हटलं.
मग म्हटलं, नको, तेल उडेल,
मी येतेच जरा वेळात.
माझ्याही तोंडी तोच.

शाळेत संस्कृतच्या बाई सांगायच्या,
जरा म्हणजे म्हातारपण.
अठ्ठ्याहत्तराव्या गठ्ठ्याला आठवलं.
चौदा वर्षं इथे.
पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झाल्यावर जरा,
गुरुनानक जयंतीला जरा,
एका भाऊबीजेला तर भाऊच गेटवर आला,
वॉचमनच्या टेबलावर ताट ठेवून ओवाळला मी त्याला,
वॉचमनने कौतुकाने पंखा बंद केला होता,
निरांजन विझू नये म्हणून.

चारला साहेब आले. पांढरा झब्बा,
गाडीच्या नाकावर हार.
‘सोनं घ्या, सोन्यासारखं राहा.’
दोघींच्या तळहातावर एकेक पान.
मी ओव्हरटाइमचं विचारलं.
हसले. ‘अहो, सणाच्या दिवशी
हिशेब कसला करता?’

सकाळपासून दुसरं काय करत होते मी?

ते गेल्यावर तुळसाने पान उजेडाला धरलं,
देठाशी चुरगाळून हुंगलं.
तिच्या सासरचं घर गावठाणात, परसात झाड आहे.
‘ह्यो आपटा नाय गो,’ म्हणाली.
‘कांचन हाय.’
आणि इतकी हसली, इतकी हसली
की तिच्या मांडीवरचा गठ्ठा सुटला
आणि शंभर लेबलं फरशीभर.

ती गोळा केली. पुन्हा मोजली.

निघताना हजेरीची वही उघडली.
आजच्या तारखेवर तिरपी लाल रेघ: सुट्टी.
म्हणजे आज मी कुठेच नव्हते.
रेघेवरच सही केली.
आत नऊ दहा, बाहेर पाच पस्तीस.
तुळसानेही केली, सावकाश, आडनावासकट.
शेऱ्याच्या रकान्यात दोन्ही पानं ठेवली
आणि वरून चिकटवली दोन लेबलं,
‘वापरण्यापूर्वी बाटली हलवा’
हे नीट वाचता येईल अशी.

उद्या स्टॉक जुळणार नाही.
साहेब चष्मा कपाळावर सरकवून विचारतील,
दोन कमी कशी?
मी सांगेन,
जरा फरक आहे.